‘१०९९-के आला नाही, म्हणजे कर नाही’? चूक!

अमेरिकेत क्राफ्ट बिअरचे जुने ग्लास, कॅन, ट्रे विकणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसला आहे: ऑनलाइन विक्रीमंचाकडून १०९९-के (विक्रेत्याला वर्षभरात मिळालेली रक्कम करखात्याला कळवणारा) फॉर्म आला नाही तर कर भरायचा नाही. हे साफ चूक आहे. २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार ही मर्यादा मंचाने फॉर्म कधी पाठवायचा याची आहे (२०२१ च्या कायद्याने ती ६०० डॉलरवर आणली होती, २०२५ मध्ये पुन्हा पूर्ववत झाली). नफा मात्र पहिल्या डॉलरपासून करपात्र.

कर नफ्यावर, विक्रीच्या रकमेवर नाही. १२ डॉलरचा ग्लास ४० ला विकला, मंचाचे शुल्क ५ गेले, तर नफा २३. म्हणून खरेदीची पावती जपा. ती नसली की १२ सिद्ध करणे जड जाते. घरच्या वापराचा ३० चा ग्लास १८ ला गेला, तर तो तोटा दुसऱ्या ग्लासच्या नफ्यातून वजा होत नाही. इथेच बहुतेक जण फसतात.

संग्राह्य वस्तूंच्या कायदेशीर व्याख्येत मद्य नावानिशी आहे. वर्षाहून जास्त ठेवलेल्या बाटलीच्या नफ्यावर म्हणूनच कमाल २८ टक्के दर. नियमित खरेदी-विक्री असेल तर तो धंदा: शेड्यूल सी (धंद्याचा नफा-तोटा दाखवायचा फॉर्म) भरायचा, आणि निव्वळ कमाई ४०० डॉलर झाली की स्वयंरोजगार करही.

भरलेली बाटली विनापरवाना विकणे बेकायदा असले, तरी त्या कमाईवर कर लागतोच.