माशीच्या पंखावरचे चुकार बिंदू

फळमाशीचा पंख जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचा. त्याचा आकार मोजायचा तर सूक्ष्मदर्शकातून फोटो काढतात आणि जिथे शिरा एकमेकींना मिळतात तिथे, संगणकाच्या पडद्यावर, माउसने एकेक बिंदू टेकवतात. हे बिंदू म्हणजे लँडमार्क. पुढचं सगळं गणित त्यांच्या निर्देशकांवर, म्हणजे फोटोतली त्यांची जागा सांगणाऱ्या आकड्यांवर, चालतं. पंखाकडे पुन्हा सहसा कुणी बघत नाही.

हाताने टेकवलेला बिंदू दर वेळी किंचित सरकणारच. शिरांच्या सांध्यावर तो फारसा हलत नाही. पंखाऐवजी कवटी मोजायची असेल, तर तिच्या गोलसर भागावरचा ‘सर्वांत फुगीर’ बिंदू मात्र दोन माणसं दोन ठिकाणी दाखवतील. संख्याशास्त्रज्ञ फ्रेड बुकस्टाइन यांनी १९९१ मध्ये लँडमार्कचे तीन प्रकार पाडले, त्यात सांध्यांवरचे बिंदू पहिल्या, सर्वांत भरवशाच्या प्रकारात येतात.

खरी गंमत पुढे आहे. तुलनेसाठी सगळे पंख सरकवून, लहानमोठे करून, फिरवून एकमेकांवर बसवले जातात. याला प्रोक्रस्टीझ पद्धत म्हणतात. त्यात सर्व बिंदूंमधला एकूण फरक कमीत कमी राखायचा असतो. म्हणून एकच बिंदू फार चुकला, तर त्याची चूक थोडीथोडी इतरांच्या खात्यावर जाते. दोषी बिंदू आहे त्यापेक्षा बरा दिसतो, आणि जागेवर असलेले बिंदू विनाकारण हललेले!

हे कुठे नडतं? एकाच माशीच्या डाव्या-उजव्या पंखांतला फरक शोधताना. जनुकं तीच, वाढ एकाच शरीरातली. त्यामुळे हा फरक इतका बारीक, की हाताची चूक तो सहज झाकून टाकते. क्लिंगेनबर्ग आणि मॅकिन्टायर या संशोधकांनी १९९८ मध्ये त्सेत्से माशीच्या पंखांवर दाखवलेला मार्ग सरळ आहे: प्रत्येक पंख पुन्हा मोजा. दोन मोजण्यांमधली तफावत ही चूक. डाव्या-उजव्यातला फरक तिच्याहून स्पष्टपणे मोठा निघाला, तरच त्यावर बोला.

ही झाली इकडेतिकडे विखुरलेली चूक. माझ्या मते जास्त घातक असते ती एकाच दिशेची. आधी सगळे नर, मग सगळ्या माद्या मोजल्या आणि दरम्यान हात सरावला, तर तो सराव लिंगभेद म्हणून निकालात उतरतो. नमुने वाढवूनही तो जात नाही. म्हणून क्रम विस्कटायचा, आणि मोजणाऱ्याला नमुना कोणत्या गटातला हे कळू द्यायचं नाही.

शिवाय त्याच फोटोवर पुन्हा बिंदू टेकवले तर सापडते फक्त हाताची चूक. पंख काचपट्टीवर तिरका बसला असेल तर ते कळायला तो उचलून, नव्याने बसवून, दुसरा फोटो काढावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, आणि बऱ्याचदा तेच टाळलं जातं.