इलेक्ट्रिक गाडीची देखभाल, आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीची तब्येत

नमस्कार. वर्कशॉपमध्ये आजकाल दोन प्रश्न सारखे येतात. एक, इलेक्ट्रिक गाडीत ऑइल नाही, प्लग नाही, मग तुम्ही सर्व्हिसिंग कशाचं करता? आणि दुसरा, पेपरात रोज वाचतोय की मोठमोठ्या कंपन्यांना इलेक्ट्रिकमध्ये तोटा होतोय, उद्या कंपनीने हात वर केले तर माझ्या गाडीचं काय? काउंटरवर उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, मागे अजून चार गाड्या थांबलेल्या असतात, म्हणून हे सावकाश लिहून काढलंय.

आधी काय नाही ते सांगतो. इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट, सायलेन्सर काही नाही. त्यामुळे पेट्रोल गाडीचं जुनं पॅकेज नाव बदलून कुणी तुमच्या बिलात घातलं तर प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा, हे नक्की काय केलंत? पारंपरिक कार कंपन्या आणि त्यांचे डीलर वर्षानुवर्षं नवीन गाडी विकण्यापेक्षा नंतरच्या सर्व्हिस आणि पार्ट्सवर चांगला नफा कमवत आले, आणि इलेक्ट्रिक गाडीने नेमकं तेच काम कमी केलंय. आमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपचंही तेच आहे, ऑइल बदलायचं काम गेलं की आमचीही कमाई कमी होते, ते लपवण्यात काही अर्थ नाही. पण जे काम लागतच नाही त्याचे पैसे घेणं आम्हाला पटत नाही. आणि जे लागतं ते इतकं महत्त्वाचं आहे की ते टाळलेलंही आम्हाला बघवत नाही.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे बारा व्होल्टची छोटी बॅटरी. लोकांना वाटतं एवढी मोठी बॅटरी खाली असताना ही कशाला, पण मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर या छोट्या बॅटरीवरच चालतात, ती बसली की मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असून गाडी जागी होत नाही, दरवाजा उघडत नाही, चार्जिंगही सुरू होत नाही. टोइंगवरून आलेल्या किती गाड्या आम्ही फक्त ही बॅटरी बदलून परत पाठवल्यात. दरवर्षी टेस्ट करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. आणि दुसऱ्याची गाडी आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून जम्प स्टार्ट, म्हणजे केबल लावून आपल्या बॅटरीवर चालू, करू नका, मॅन्युअलमध्ये चालेल असं स्पष्ट लिहिलं असेल तरच करा.

ब्रेकचं उलटं आहे. पाय उचलला की मोटरच गाडी हळू करते आणि वीज परत बॅटरीत टाकते, त्यामुळे पॅड खूप टिकतात, आणि लोक ब्रेक विसरूनच जातात. मग होतं काय, डिस्कवर गंज चढतो, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना जाम होतात, आणि नेमका ज्या दिवशी करकचून ब्रेक लावायची वेळ येते त्या दिवशी एक चाक धरतं आणि एक धरत नाही. म्हणून वर्षातून एकदा पिना काढून साफ करून ग्रीस लावायचं, आणि मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, पेडल जरा जोरात दाबायचं. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं, त्याला गाडी किती चालली याच्याशी देणंघेणं नाही, साधारण दोन वर्षांनी तपासून बदलावंच लागतं.

टायर मात्र लवकर झिजतात. गाडी जड असते आणि मोटरचा टॉर्क पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो, सिग्नलला जोरात निघालात की रबर रस्त्यावर राहतं. टायर घेताना नुसता साइज बघू नका, लोड रेटिंग, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते, बघा, कमी रेटिंगचा टायर जड गाडीखाली धोकादायक आहे. हवा महिन्यातून एकदा, टायर गार असताना. काही टायरमध्ये आवाज कमी करायला आतून फोम चिकटवलेला असतो, पंक्चर काढणाऱ्याला ते आधीच सांगा.

आता कूलंट आणि एसी, इथे चूक झाली तर ती फार महाग पडते म्हणून जरा लक्ष द्या. बहुतेक गाड्यांत बॅटरी लिक्विडने थंड ठेवतात. हे का लागतं ते निसान लीफने दाखवून दिलं, २०१० मध्ये आलेल्या त्या गाडीत बॅटरीला असं कूलिंग नव्हतं आणि ॲरिझोनासारख्या कडक उन्हाच्या भागात तिची क्षमता फार लवकर उतरली. तर काही गाड्यांना वीज कमी वाहून नेणारं खास कूलंट लागतं, त्यात नळाचं पाणी किंवा हाताला लागेल तो डबा ओतू नका, लेव्हल कमी दिसली तर गाडी आणा. एसीचंही तसंच, इथला कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो आणि त्याला वीज न वाहणारं ऑइल लागतं, ज्याला आम्ही पीओई म्हणतो. पेट्रोल गाड्यांना गॅस भरणाऱ्या मशीनमध्ये बहुतेक वेळा पीएजी ऑइल असतं, त्याचा थोडासा अंश जरी आत गेला तरी इन्सुलेशन कमी होऊन गाडी एरर दाखवू शकते. त्यामुळे गॅस भरायच्या आधी विचाराच, मशीन इलेक्ट्रिकसाठी वेगळं आहे का.

मोठ्या बॅटरीबद्दल जितकी भीती आहे तितकी नको. फक्त आपली बॅटरी कोणती आहे ते माहीत करून घ्या, एलएफपी आणि एनएमसी हे लिथियम बॅटरीचे दोन प्रकार आहेत. एलएफपी असेल तर बऱ्याच कंपन्या आठवड्यातून एकदा शंभर टक्के चार्ज करायला सांगतात, कारण त्या बॅटरीचा व्होल्टेज चार्ज कमी होत गेला तरी जवळपास सारखाच राहतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला नक्की किती उरलंय ते कळत नाही, पूर्ण भरली की त्याचा हिशोब जुळतो. एनएमसी असेल तर रोजच्या वापराला ऐंशीच्या आसपास थांबवा, शंभर फक्त लांबच्या प्रवासाच्या दिवशी. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर निम्म्यावर ठेवा, फुल्ल नको आणि रिकामीही नको. फास्ट चार्जर प्रवासात बिनधास्त वापरा, रोजची सवय नको. खालून दगड किंवा कठडा जोरात लागला तर गाडी चालतेय म्हणून सोडून देऊ नका, मोठ्या बॅटरीच्या पॅकचं कव्हर बघून घ्या. आणि हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला कुणीही हात लावायचा नाही, घरच्या इलेक्ट्रिशियननेही नाही, गाडी बंद केल्यावरही काही मिनिटं कपॅसिटर नावाच्या वीज साठवणाऱ्या भागात जीव घेण्याइतकी वीज असते.

आता दुसरा प्रश्न, कंपनीचा.

फोर्डचं उदाहरण घेऊ कारण ते लोक इलेक्ट्रिकचा हिशोब वेगळा दाखवतात. त्यांच्या इलेक्ट्रिक विभागाला २०२३ मध्ये ४.७ अब्ज डॉलरचा आणि २०२४ मध्ये ५.१ अब्ज डॉलरचा तोटा झाला, बातमी एवढीच येते आणि वाचणारा घाबरतो. पण त्याच दोन्ही वर्षी पूर्ण कंपनी नफ्यात होती, कारण व्यावसायिक गाड्या आणि पेट्रोल-हायब्रिडची कमाई तो तोटा भरून काढत होती. म्हणजे एका विभागाचा तोटा आणि कंपनी बुडणं यात बरंच अंतर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र फोर्डने इलेक्ट्रिकचा बेत आवरता घेत १९.५ अब्ज डॉलरचा फटका जाहीर केला आणि पूर्ण इलेक्ट्रिक एफ-१५० लायटनिंगचं उत्पादन थांबवलं. त्या आकड्यातलाही मोठा भाग तिजोरीतून जाणारी रोकड नाही, पुस्तकात लिहिलेली कारखान्यांची आणि डिझाइनची किंमत कमी केली जाते. कंपनी राहते, पण मॉडेल जातं. आणि ग्राहकासाठी खरी काळजी त्या दुसऱ्या गोष्टीची आहे.

तोटा का होतो हे समजायला फार अवघड नाही. बॅटरीचा कारखाना आधी उभारावा लागतो, गाड्या अपेक्षेपेक्षा कमी विकल्या की तोच खर्च थोड्या गाड्यांवर पडतो, वर सॉफ्टवेअर शून्यापासून लिहायचं, आणि समोर चिनी कंपन्या स्वस्तात देतायत. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार करून जर्मनीत २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त नोकऱ्या कमी करायचं ठरवलं. निसानने २०२५ मध्ये २० हजार नोकऱ्या आणि १७ वरून १० कारखाने असा निर्णय घेतला. ही माणसं आहेत, नुसते आकडे नाहीत, आमच्या धंद्यातल्या कुणालाही हे वाचून बरं वाटत नाही.

पण मोठी जुनी कंपनी अडचणीत आली म्हणजे गाडी रस्त्यावर बेवारस पडते असं नाही. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दोघांनी दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा अमेरिकन सरकार वॉरंटीच्या मागे उभं राहिलं, पाँटियाक आणि सॅटर्न हे ब्रँड बंद झाले तरी त्या गाड्यांची कामं ग्रुपच्या इतर डीलरकडे होत राहिली. स्वीडनची साब ही कार कंपनी २०११ मध्ये बुडाली, तिचा पार्ट्सचा धंदा वेगळा चालूच राहिला. आणि २०२१ मध्ये शेव्हरोले बोल्टच्या बॅटरीत आगीचा धोका निघाला तेव्हा जनरल मोटर्सने रिकॉल करून, म्हणजे गाड्या परत बोलावून, ग्राहकाकडून पैसे न घेता बॅटरीचे मॉड्यूल बदलून द्यायला घेतले, त्यातले १.९ अब्ज डॉलरपर्यंत सेल बनवणाऱ्या एलजीने भरायचं कबूल केलं. असा फटका सोसायला खिसा खोल लागतो.

याउलट फिस्कर ही नवी कंपनी जून २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ओशन गाडीच्या मालकांना पार्ट्ससाठी, सॉफ्टवेअरसाठी स्वतःची संघटना काढून धडपड करावी लागली. गाडी तीच, बॅटरी चांगली, पण मागे पार्ट्सचं कोठार नाही आणि सर्व्हर चालवणारं कुणी नाही.

त्यामुळे गाडी घेताना शेअरचा भाव बघत बसू नका. विचारा की या गाडीचा प्लॅटफॉर्म (म्हणजे खालचा मूळ सांगाडा), बॅटरी, मोटर अजून किती मॉडेलमध्ये वापरलीय, जितकी जास्त तितके पार्ट्स जास्त वर्षं मिळतील. ॲप आणि इंटरनेट बंद असताना गाडी उघडते का, चार्ज होते का, हे टेस्ट ड्राइव्हलाच करून बघा. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी नेटवर्क बंद झालं तेव्हा कितीतरी धडधाकट गाड्यांचं ॲप कनेक्शन गेलं होतं, कंपनी जिवंत असून. कर्जाचा मोठा आकडा बघूनही लगेच दचकू नका, फोर्ड, फोक्सवॅगन यांच्या ताळेबंदातल्या कर्जाचा मोठा भाग ग्राहकांना गाडीसाठी पैसे देणाऱ्या त्यांच्या फायनान्स शाखेचा असतो. बघायचंच असेल तर गाड्यांच्या धंद्यातून रोख पैसा येतोय की जातोय ते बघा.

ज्यांची गाडी आधीच दारात उभी आहे त्यांनी कागद सांभाळा. बॅटरीची वॉरंटी बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देतात, आणि क्षमता सहसा ७० टक्क्यांच्या खाली गेली तरच दावा चालतो. तो दावा तुम्ही कशाच्या जोरावर करणार? दरवर्षी बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट काढून प्रिंट ठेवा, कूलंट आणि ब्रेक फ्लुइडची बिलं तारखेसकट ठेवा, सॉफ्टवेअर अपडेट येतंय तोवर करून घ्या, दोन्ही चाव्या चालू आहेत का बघा. जुनी गाडी घेतली असेल तर ॲपचं अकाउंट पहिल्या मालकाकडून आपल्या नावावर करून घ्या, नंतर तो माणूस सापडत नाही.

आमच्याकडे छोटी बॅटरी, ब्रेक, टायर, कूलंट, केबिन फिल्टर, खालची तपासणी आणि हेल्थ रिपोर्ट एवढं सगळं होतं. मोठा पॅक उघडायचं काम आम्ही करत नाही, ते ज्यांचं प्रशिक्षण झालंय त्यांच्याकडेच पाठवतो आणि त्यांनी काय केलं ते तुम्हाला समजावून सांगतो. येताना मॅन्युअल आणि मागचं बिल आणा, आणि गाडी तीस-चाळीस टक्के चार्ज असू द्या, रिपोर्ट काढताना मध्येच थांबावं लागत नाही.