खाडीतली होडी (ठाणे खाडी)

ठाणे खाडीच्या उथळ, चिखलट पाण्यात मासेमारीसाठी वापरली जाणारी सपाट किंवा जवळजवळ सपाट तळाची छोटी होडी. चेंदणी, वाशी, सारसोळे, दिवाळे या कोळीवाड्यांत ती दिसते. खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या पुढे जातो. सकाळी जिथे वल्हे तळाला लागत नव्हते, तिथे दुपारी उघड्या चिखलावर निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारतात. म्हणून होडी जोखायची ती वेगावर नव्हे, तिला किती कमी पाणी पुरते यावर.

सपाट तळाची होडी कमी बुडते आणि जाळे ओढताना एका कडेला उभे राहिले तरी चटकन कलत नाही. मात्र जास्त कलली की सावरत नाही. वारा आणि ओहोटी समोरासमोर आले की लाटा आखूड, उभ्या होतात आणि तळ प्रत्येक लाटेवर आपटतो. त्यासाठी नाळेपाशी (होडीच्या पुढच्या टोकाशी) तळ धारदार ठेवून मागे सपाट करत नेतात. इंजिन, पेट्रोल, भिजलेले जाळे सगळे मागे आले तर नाळ उचलली जाते, मागची बाजू चिखलाला घासते आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबरोबर गाळ आत ओढला जातो. जाणता माणूस जाळे मध्यावर घेतो, उथळात इंजिन वर उचलतो आणि बांबूने होडी रेटतो. फ्लोरिडाच्या उथळ किनाऱ्यांवरही गळाने मासे धरणारे इंजिनावरच्या छोट्या माचीवर उभे राहून असेच काठीने होडी ढकलतात. रुतलेला बांबू सरळ ओढायचा नसतो; आधी पिळून सैल करायचा, मग उपसायचा. नाहीतर होडी पुढे जाते आणि हातातला बांबू माणसाला मागे खेचतो.

पूर्वीच्या होड्या लाकडी, आता फायबरच्या वाढल्या. फायबरला लाकूड पोखरणारा किडा लागत नाही, फळ्यांच्या फटी बुजवत बसावे लागत नाही. तरीही फायबर म्हणजे निर्धोक, हा समज महागात पडतो. फायबरमधल्या काचेच्या धाग्यांत रेझिन (धागे जोडणारा, सुकून कडक होणारा चिकट द्रव) नीट मुरले नसेल तर थर सुटतात. सर्वांत नाजूक जागा म्हणजे इंजिन टांगायची मागची फळी. तिच्या आत बहुधा प्लायवूड असते. बोल्टच्या भोकातून पाणी शिरले की ते आतून कुजते आणि वरचा रंग मात्र चकचकीत राहतो. जुनी होडी घेताना त्या फळीवर हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावे: चांगली फळी टणक वाजते, कुजलेलीचा आवाज भद्द येतो. बोल्टखाली तपकिरी ओघळ असेल तर फळी उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.