सर्व्हरचे डिस्क इमेजिंग

सर्व्हरच्या डिस्कवरील बूट कोड, पार्टिशन टेबल, फाइल सिस्टिम, ऑपरेटिंग सिस्टिम, इन्स्टॉल केलेली सॉफ्टवेअर आणि त्यांच्या सेटिंग्ज जशाच्या तशा एका फाइलमध्ये उतरवून घेण्याच्या पद्धतीला डिस्क इमेजिंग म्हणतात आणि त्या फाइलला डिस्क इमेज. नेहमीचा बॅकअप फाइली परत देतो, पण सर्व्हर नव्याने उभा करण्याचे काम शिल्लकच राहते. इमेज रिस्टोअर केली की, सगळे जुळून आल्यास, यंत्र थेट बूट होते. त्यामुळे डिस्क निकामी झाल्यावर सेवा लवकर पूर्ववत करण्यासाठी, तसेच एका सर्व्हरवरून त्याच्यासारखे अनेक सर्व्हर तयार करण्यासाठी ही पद्धत वापरली जाते.

इमेज दोन प्रकारे घेतात. युनिक्समधील ‘डीडी’सारखी जुनी आज्ञा डिस्कवर काय लिहिले आहे याची पर्वा न करता पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरील सर्वांत लहान भाग) शेवटच्यापर्यंत सर्व मजकूर उचलते, त्यामुळे १ टेराबाइटची डिस्क ९० टक्के रिकामी असली तरी पूर्ण १ टेराबाइट वाचावे लागते. गिगाबिट नेटवर्कचा कमाल वेग सेकंदाला १२५ मेगाबाइट धरला, तर एवढा मजकूर कॉम्प्रेस न करता पाठवायला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, आणि प्रत्यक्षात हा वेगही क्वचितच मिळतो. दुसऱ्या प्रकारात पार्टक्लोनसारखी साधने फाइल सिस्टिम ओळखून केवळ वापरात असलेले ब्लॉक घेतात. नव्वदच्या दशकात न्यूझीलंडमध्ये तयार झालेले आणि १९९८ साली सिमँटेक कंपनीने विकत घेतलेले ‘घोस्ट’ या क्षेत्रात इतके रुळले, की क्लोनिंगला ‘घोस्ट मारणे’ असेच म्हटले जाऊ लागले. मुक्त साधनांपैकी क्लोनझिला आणि फॉग प्रचलित आहेत. पीएक्सई पद्धतीने, म्हणजे स्वतःच्या डिस्कऐवजी नेटवर्कवरून, बूट केलेल्या अनेक यंत्रांना मल्टिकास्टद्वारे (एकच प्रवाह अनेकांना पाठवून) एकाच वेळी इमेज पाठवता येते.

चालू सर्व्हरची इमेज घेताना पंचाईत होते, कारण वाचन सुरू असतानाच डेटाबेस लिहीत असतो आणि इमेजचा एक भाग दहाचा तर दुसरा साडेदहाचा निघतो. म्हणून आधी स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणीची स्थिती, घेऊन क्षण गोठवतात. विंडोजमध्ये हे काम व्हॉल्यूम शॅडो कॉपी सेवा करते, तर लिनक्सवर बहुधा एलव्हीएम या डिस्कची जागा सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा स्नॅपशॉट वापरतात. मात्र डेटाबेसला आधी सूचना देऊन त्याचे अर्धवट व्यवहार डिस्कवर उतरवले नसतील, तर रिस्टोअर झालेला सर्व्हर वीज अचानक गेल्यानंतर उठणाऱ्या यंत्रासारखाच वागतो.

इमेज घेणे त्या मानाने सोपे. ती वेगळ्या हार्डवेअरवर जिवंत करताना खरा कस लागतो. नव्या यंत्रातील रेड कंट्रोलरचा (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचा) ड्रायव्हर इमेजमध्ये नसेल तर विंडोज निळ्या पडद्यावर थांबते आणि लिनक्सला आपले रूट पार्टिशन (जिथे ऑपरेटिंग सिस्टिम असते ते) सापडत नाही. तेथे इनिट्रॅमएफएस (बूट होताना सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचा संच) नव्याने तयार करावे लागते. याहून फसवा प्रकार जुन्या लिनक्स सर्व्हरांवर दिसे. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (हार्डवेअर क्रमांक) उपकरणांना नावे देणाऱ्या यूडेव्हच्या नियमांत नोंदलेला असल्याने नवे कार्ड ‘ईटीएच०’ऐवजी ‘ईटीएच१’ या नावाने पुढे येई, आणि आयपी पत्ता जुन्या नावाला चिकटून राही. सर्व्हर व्यवस्थित सुरू, लॉगिनही होते, पण बाहेरून कोणाच्याही पिंगला (नेटवर्कवरून दिलेल्या हाकेला) उत्तर नाही. नवी डिस्क मूळ डिस्कपेक्षा काही सेक्टरांनी जरी लहान असली, तरी सेक्टरनिहाय इमेज तिच्यावर पूर्ण मावत नाही.

प्रती अनेक काढायच्या असतील तर यंत्राची ओळख आधी पुसावी लागते. विंडोजसाठी सिसप्रेप हे ओळख पुसणारे साधन चालवतात. लिनक्सवर मशीन-आयडी (यंत्राचा ओळख क्रमांक) आणि एसएसएच होस्ट-की (दूरवरून लॉगिन करताना सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली) काढून टाकतात, नाहीतर सर्व सर्व्हर एकाच किल्लीने आपली ओळख सांगू लागतात. डोमेन कंट्रोलरच्या (विंडोज नेटवर्कमधील खाती व पासवर्ड सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) बाबतीत तर जुनी इमेज परत टाकणेच घातक ठरू शकते. तो बदलांसाठी पूर्वी वापरलेले अनुक्रमांक पुन्हा वापरू लागतो, सोबतच्या कंट्रोलरांना ते बदल आधीच मिळाल्यासारखे वाटतात, आणि नवी खाती किंवा पासवर्ड त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. विंडोज सर्व्हर २०१२ पासून आभासी यंत्रांसाठी यावर संरक्षण आहे, पण तेही हायपरव्हायजरची (आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) साथ असेल तरच.