नाणेटंचाई, रोममधील (इ. स. ३३)

रोमन सम्राट टायबीरियस याच्या कारकीर्दीत इटलीत उद्‌भवलेला पतपेच. सावकारांनी येणी एकदम मागितली, जमिनीचे भाव कोसळले आणि अखेर सम्राटाने तीन वर्षांसाठी बिनव्याजी रक्कम खुली केली, इथवर वाद नाही. पेच कशामुळे आला याविषयी मात्र जुन्या साधनांचा मेळ बसत नाही.

रोमन इतिहासकार टॅसिटस याच्या मते सुरुवात खबऱ्यांच्या फिर्यादींतून झाली. इटलीत कर्ज देणे व जमीन धारण करणे यांवर निर्बंध घालणारा जूलियस सीझरचा कायदा कधीचाच अडगळीत पडला होता. त्याखाली सावकारांवर खटले भरले गेले. प्रीटर (रोमचा न्यायाधिकारी) ग्रॅकसने प्रकरण सीनेटपुढे नेले. तेथे एकही सदस्य त्यातून सुटत नव्हता, तेव्हा व्यवहार कायद्यात बसवायला दीड वर्षाची मुदत मिळाली. हा कायदा बहुधा इ. स. पू. ४९ मधला असावा. त्या वर्षी १५,००० डिनेरियसपेक्षा (डिनेरियस हे रोमन चांदीचे नाणे) अधिक सोनेचांदी बाळगण्यास मनाई झाल्याचे इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो. पण ती मनाई आणि टॅसिटसचा कायदा एकच, असे ठामपणे म्हणता येत नाही. टॅसिटस दुसरे कारणही जोडतो: दोषी ठरलेल्यांच्या मालमत्ता विकून आलेली चांदी सरकारी खजिन्यात अडकली होती. टायबीरियसच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख सीजेनस याच्या पाडावानंतरचा (इ. स. ३१) हा काळ आहे.

त्यावर सीनेटने सावकारांनी दोन तृतीयांश भांडवल इटलीतील जमिनीत घालावे असा ठराव केला, आणि उपायच अंगाशी आला. बडोद्याच्या पोतेदाराच्या (दरबारी सावकाराच्या) वहीत हे मांडून पाहावे. नऊ हजार बाबाशाही रुपये उधारीवर आहेत, त्यांपैकी सहा हजारांची जमीन घ्यायची. म्हणजे आधी रोकड हवी. तो सहा नव्हे, नऊच्या नऊ हजार मागतो. ऋणको शेत विकायला काढतो. सगळ्यांचीच शेते बाजारात आल्याने भाव पडतो, आणि तो आणखी पडेल म्हणून रोकड हाती असलेला थांबून राहतो.

ठरावाचा पाठही शुद्ध नाही. ऋणकोंनी कर्जाचा दोन तृतीयांश भाग लगेच फेडावा, हे कलम चरित्रकार स्विटोनियसकडे आहे. टॅसिटसच्या हस्तलिखितात येथे मजकूर गळाला असावा असे मानून काही संपादकांनी ते तेथे भरले. स्विटोनियस ठरावाचे कर्तेपण टायबीरियसकडे देतो, खबऱ्यांचा उल्लेख करत नाही. डिओच्या मते सीझरचे कायदे पुन्हा लागू करणारा सम्राटच, आणि विधिज्ञ नर्व्हाने त्यातून येणारा गोंधळ ओळखून अन्नत्याग केला. टॅसिटस नर्व्हाच्या मृत्यूचा कर्जांशी संबंध जोडत नाही. रकमेत मात्र विरोध दिसतो तेवढा नाही: टॅसिटस व स्विटोनियस यांचे १० कोटी सेस्टर्स आणि डिओचे अडीच कोटी डिनेरियस एकच, कारण एका डिनेरियसचे चार सेस्टर्स होत.

विसाव्या शतकात इतिहासकार टेनी फ्रँक याने (१९३५) टायबीरियसची काटकसर व कमी नाणेपाडणी यांवर भर दिला. मृत्यूसमयी २७० कोटी सेस्टर्स शिल्लक होते, हा स्विटोनियसचा आकडा त्याला पोषक आहे; पण शिल्लक म्हणजे टंचाई नव्हे. कायदा ही ठिणगी आणि खजिन्यात साठलेली चांदी हे सरपण, हे टॅसिटसचेच दुहेरी स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. अलेक्झांड्रियाची पेढी मसाल्याची जहाजे बुडाल्याने फुटली, ही इंग्रजी लिखाणात फिरणारी हकीकत कोणत्याही प्राचीन साधनात नाही. ती टाकाऊ समजावी.

उपाय करताना तारण कशाचे, हाही प्रश्न असतो. १८०२ मध्ये बडोद्यात अरब शिबंदीची (भाडोत्री फौजेची) थकबाकी चुकवण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनी व पोतेदार यांनी मिळून कर्ज उभे केले, त्याला तारण राज्याच्या महसुलाचे. रोममध्ये तारण जमिनीचे होते. टायबीरियसची रक्कम पेढ्यांमार्फत वाटली गेली. कर्जाच्या दुप्पट मोलाची जमीन तारण देणाऱ्यालाच ती मिळे. जमीन नसलेल्या ऋणकोला त्यात जागा नव्हती. पत हळूहळू परतली, खासगी सावकारही पुन्हा पुढे आले. जमीनखरेदीचा ठराव मात्र ठरल्याप्रमाणे अमलात आला नाही.