‘माझ्या पाण्यात बोल’: ग्रीक-रोमन वक्तृत्वविद्येची पार्श्वभूमी

वक्तृत्व म्हटलं की आपल्याला स्पर्धा, ढाल आणि पाठ केलेलं भाषण आठवतं. या विद्येचा उगम मात्र जमिनीच्या भांडणात सांगितला जातो. सिसिली बेटावरच्या सिराक्यूज या ग्रीक शहरात इ.स.पू. 466च्या सुमारास हुकूमशाही कोसळली आणि बळकावलेल्या जमिनी परत मिळवायला लोक कोर्टात धावले. त्यांना बोलायला शिकवणारे पहिले गुरू म्हणून परंपरा कोराक्स आणि टिसियास यांची नावं घेते. साक्षीपुरावा नसेल तर शक्याशक्यतेवर बोट ठेवायचं, ही त्यांची मुख्य शिकवण. किडकिडीत माणसावर मारहाणीचा आरोप आला, तर त्यानं म्हणावं, ‘माझ्याकडं बघा, मला हे जमेल तरी का?’ पुढं इ.स.पू. 427मध्ये सिसिलीचाच गॉर्जियस वकिलातीवर अथेन्सला आला आणि त्याच्या लयबद्ध बोलण्यानं अथेन्सकर भारावून गेले.

अथेन्सला या विद्येची गरजही होतीच. दरवर्षी तिशी उलटलेले 6000 नागरिक पंच म्हणून निवडले जात. एकेका खटल्यासमोर 201, 501, कधी त्याहून जास्त पंच बसत. कायदा समजावून सांगणारा न्यायाधीश नसे, पंच आपसात चर्चाही करत नसत. दोन्ही बाजू ऐकायच्या आणि लगेच मत टाकायचं. वादी-प्रतिवादींनी आपली बाजू स्वतःच मांडायची असा दंडक होता. ज्यानं जन्मात चार माणसांपुढं तोंड उघडलेलं नाही, त्यालाही पाचशे जणांसमोर उभं राहावं लागे. बायकांना आणि गुलामांना तर तीही सोय नव्हती.

वेळ मोजायला मातीचं भांडं असे. तळाशी बारीक नळी, तिच्यातून पाणी खालच्या भांड्यात पडायचं. आपल्याकडं लग्नाच्या मुहूर्ताला वापरायचं घटिकापात्र पाण्यात हळूहळू भरून बुडतं. इथं उलट, भांडं रिकामं झालं की बोलणं संपलं. अथेन्सच्या जुन्या बाजारचौकात, अगोऱ्यात, असं एक भांडं उत्खननात सापडलं आहे. त्यात जेमतेम साडेसहा लिटर पाणी मावतं आणि ते सहा मिनिटांत वाहून जातं. खासगी दाव्यांत साक्ष किंवा कायद्याचं कलम वाचायचं असलं की वक्ता सांगे, ‘पाणी थांबवा.’ अथेन्सचा नामवंत वक्ता डेमॉस्थेनीस तर भर भाषणात प्रतिपक्षाला आव्हान देतो: पुरावा असेल तर आत्ता दाखव, माझ्या पाण्यात, म्हणजे माझ्या वाट्याच्या वेळेत!

बोलायचं अशिलानं, पण लिहून देणारा दुसरा असला तर चालत असे. अशा भाषणलेखकांत लिसियास मला सर्वांत थोर वाटतो. बायकोच्या प्रियकराला घरात पकडून ठार मारणाऱ्या युफिलेटॉस नावाच्या माणसासाठी त्यानं लिहिलेलं भाषण आजही वाचायला मिळतं. त्यात घराची रचना येते: दोन मजले, बाळ लहान म्हणून बायको खाली आणि नवरा वर. एका रात्री दारं करकरली. सकाळी विचारलं तर बायको म्हणाली, बाळाजवळचा दिवा विझला होता, शेजाऱ्यांकडून पेटवून आणला. भाऊ वारून महिनाही झालेला नसताना तिनं चेहऱ्याला रंग लावल्याचं त्याला दिसलं, पण तो काही बोलला नाही. कुठं अलंकार नाही, आवाज चढलेला नाही; साधाभोळा नवराच बोलतोय असं वाटतं. ऐकणाऱ्याचा विश्वास अशा बारकाव्यांवर बसतो, हे लिसियासला पक्कं ठाऊक होतं.

तत्त्वज्ञ प्लेटोला नेमकी हीच भीती वाटत होती. पाककला जिभेला खूश करते पण शरीराचं हित जाणत नाही, तसंच वक्तृत्वाचं आहे, असं त्यानं आपला गुरू सॉक्रेटिस याच्या तोंडून म्हणवलं. ज्या माणसाच्या गुरूला इ.स.पू. 399मध्ये अशाच पंचांनी देहदंड दिला, त्याचा हा राग मी समजू शकतो. पण त्याचाच शिष्य अ‍ॅरिस्टॉटल यानं हा विषय टाकून न देता उलगडून पाहिला. माणसाला काय पटवतं? बोलणाऱ्याचं चारित्र्य, ऐकणाऱ्याच्या भावना आणि खुद्द युक्तिवाद. आजही या तिहींपाशीच चर्चा सुरू होते.

रोमनं ही विद्या आधी संशयानं पाहिली. इ.स.पू. 161मध्ये सिनेटच्या ठरावानं वक्तृत्वशिक्षकांना शहराबाहेर घालवण्यात आलं. तरी ती रुजलीच, कारण रोममध्ये दुसऱ्यासाठी कोर्टात उभं राहणं हा मोठेपणाचा मार्ग होता. रोमचा थोर वक्ता सिसेरो यानं 26व्या वर्षी पितृहत्येचा आरोप असलेल्या रोस्कियसची बाजू लढवली. मात्र सगळं भाषण एकाच वरच्या पट्टीत करण्याची सवय त्याच्या अशक्त प्रकृतीला झेपेना. तो पूर्वेकडं गेला, ऱ्होड्स बेटावर वक्तृत्वशिक्षक मोलॉनकडं पुन्हा शिकला आणि दोन वर्षांनी आवाज ताब्यात घेऊन परतला. इ.स.पू. 43मध्ये त्याची हत्या झाली. ज्या व्यासपीठावरून तो बोलत असे, तिथंच त्याचं शिर आणि हात त्याचा राजकीय वैरी अँटनी याच्या हुकमावरून टांगले गेले.

पुढं सम्राटांचं राज्य आलं, चौकातल्या भाषणानं काही ठरेनासं झालं आणि वक्तृत्व वर्गखोलीत शिरलं. ‘सिसेरोनं अँटनीकडं प्राणांची भीक मागावी का?’ हा वर्गातल्या सरावाचा विषय झाला. सम्राट व्हेस्पेशियननं सरकारी पगारावर नेमलेला क्विंटिलियन हा या काळातला सर्वांत जाणता शिक्षक. मुलांना मारू नये असं त्यानं स्वच्छ लिहून ठेवलं आहे. पोरांनी काल्पनिक खटल्यांतच म्हातारं होऊ नये, खऱ्या कोर्टात जाऊन बसावं, असा त्याचा आग्रह होता. त्यासाठी तो पोर्कियस लाट्रोची गोष्ट सांगतो. लाट्रो हा वर्गातल्या भाषणांचा नावाजलेला उस्ताद. एकदा त्याला खरोखरीच्या खटल्यात, उघड्या चौकात उभं राहावं लागलं. डोक्यावर आभाळ बघून तो इतका गांगरला की बाकं उचलून जवळच्या इमारतीत न्यावीत, अशी त्यानं विनंती केली.