स्पेनचे प्लेअर्स राष्ट्रगीताला गप्प का उभे असतात

२०१० च्या वर्ल्डकप फायनलला सोसायटीच्या क्लबरूममधे आम्ही रात्री बारा वाजता टीव्ही लावून बसलेलो. राष्ट्रगीत सुरू झालं आणि कॅमेरा स्पेनच्या लाइनीवरून फिरला तर कासियास, झावी, इनिएस्ता, कोणाचेच ओठ हलेनात. शेजारचे काका वैतागून म्हणाले, एवढे करोडो घेतात आणि राष्ट्रगीत पाठ नाही होत? तेव्हा मलाही माहीत नव्हतं की पाठ करायला शब्दच नाहीयेत, नुसती धून आहे.

ही धून मुळात पलटणीची. १७६१ च्या लष्करी वाजवण्यांच्या वहीत ग्रेनेडियर सैनिकांचा मार्च म्हणून ती लिहिलेली सापडते, बासरी आणि ढोलासाठी, रचली कोणी ते आजतागायत कळलेलं नाही. १७७० मधे तिसऱ्या कार्लोस राजाने तिला मानाचा मार्च करून टाकलं, मग राजघराणं आलं की हीच वाजणार, म्हणून लोक तिला 'मार्चा रेआल' म्हणजे राजाचा मार्च म्हणायला लागले. आणि खरी गोम इथेच आहे, धून राजाची झाली म्हटल्यावर ज्यांना राजा नको त्यांना धूनही नको.

त्यांचं गाणं वेगळं होतं. राफाएल देल रिएगो नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८२० मधे राजा सातव्या फर्नांदोविरुद्ध बंड करून त्याला १८१२ ची राज्यघटना परत मान्य करायला लावली, तीन वर्षांनी फ्रेंच फौजा राजाच्या मदतीला आल्या आणि रिएगोला माद्रिदच्या चौकात फाशी दिलं. त्याच्या सैनिकांचं गाणं मात्र राहिलं, आणि १९३१ मधे राजा देश सोडून गेला, प्रजासत्ताक आलं, तेव्हा राष्ट्रगीत म्हणून हेच वाजायला लागलं. झेंड्यातही खालचा पट्टा जांभळा झाला.

मग यादवी. प्रजासत्ताकाविरुद्ध लढणारा सेनापती फ्रँको, पुढे तोच हुकूमशहा झाला, त्याने १९३७ मधेच, युद्ध चालू असताना, हुकूम काढून जुना मार्च परत आणला. होसे मारिया पेमान या कवीचे शब्द त्यावर गायचे, त्यात 'हात वर करा' असं होतं, आता हात वर म्हणजे फॅसिस्ट सलाम, हे त्या काळातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

१९७५ मधे फ्रँको गेला, राजा परत आला आणि पुढच्या दोन-चार वर्षांत सगळ्यांनी थोडं थोडं गिळलं. कम्युनिस्ट पार्टीला १९७७ मधे मान्यता मिळाली तर त्यांनी राजाचा लाल-पिवळा झेंडा मान्य केला, धून राहिली, शब्द गेले. गंमत म्हणजे १९९७ मधे कायदा नीट करताना सरकारला त्या धुनेच्या जुन्या अरेंजमेंटचे हक्क संगीतकाराच्या वारसांकडून १३ कोटी पेसेता (स्पेनचं तेव्हाचं चलन) मोजून विकत घ्यावे लागले, मूळ धून निनावी आणि बिल एवढं!

२००७-०८ मधे स्पेनच्या ऑलिंपिक कमिटीने शब्दांसाठी स्पर्धा घेतली, हजारोंनी लिहून पाठवलं, जिंकलेलं गीत ऑपेरा गायक प्लासिदो दोमिंगो गाणार होता. पण ते पेपरात फुटलं, सुरुवातच 'व्हिवा एस्पान्या' म्हणजे 'स्पेन चिरायू होवो' अशी, बऱ्याच जणांना त्यात फ्रँकोचा वास आला आणि पाच दिवसांत सगळं मागे घेतलं. शिवाय लिहायचं कुठल्या भाषेत हा प्रश्न आहेच, कारण बार्सिलोना ज्यात येतं त्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या कातालुन्या प्रांताचं स्वतःचं गीत आहे, १६४० च्या बंडाची आठवण सांगणारं, आणि त्याला शब्द आहेत. बास्क आणि गालिसियन लोकांचंही आहे.

आणि नुसती धूनही सगळ्यांना चालते असं नाही. २००९ च्या कोपा देल रे या राजाच्या नावाच्या फुटबॉल कपच्या फायनलला बास्कांच्या बिल्बाओ आणि कातालुन्याच्या बार्सिलोनाच्या पब्लिकने राजासमोर एवढ्या शिट्ट्या मारल्या की धून ऐकूच येईना, सरकारी टीव्हीने ती लाइव्ह दाखवलीच नाही, आणि त्यावरून त्यांच्या स्पोर्ट्सच्या मुख्य माणसाची नोकरी गेली.

माझा आवडता किस्सा मात्र २००३ चा, मेलबर्नला डेव्हिस कप फायनल. तिथल्या ट्रम्पेटवाल्याने चुकून रिएगोचं गाणं वाजवलं! प्लेअर्स एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत आणि स्पेन सरकारातला खेळखात्याचा प्रमुख भडकलेला. शेवटी माफी मागून बरोबर धून वाजवली.